बाटली उभी की आडवी, आणि पिणारा कुठे?

दर काही वर्षांनी महाराष्ट्रात दारूवरून रान पेटतं. २०१५ साली चंद्रपुरात दारूबंदी झाली, २०२१ मध्ये ती उठली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा एकीकडून संस्कृती बुडाल्याची ओरड झाली आणि दुसरीकडून द्राक्ष बागायतदारांचा कैवार घेतला गेला. गावोगावच्या बायका तर मतपत्रिकेवर 'आडवी बाटली' निवडून दुकानंच बंद पाडतात. स्कॉटलंडमध्ये बसून मी हे वाचतो, आणि बाजू घ्यायचीच झाली तर त्या बायकांची घेतो. रात्री घरी कोण कसा येतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पण या भांडणात दुकान असतं, महसूल असतो, अब्रू असते. पिणारा दिसतो तो थेट गटाराकडेला पडलेला, नाहीतर बायकोवर हात टाकणारा. त्याच्या दहा वर्षं आधीचा, इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर ऑफिसला जाणारा आणि शुक्रवारकडे डोळे लावून बसलेला माणूस मात्र कुणाच्याच हिशेबात नसतो.

इकडे त्या माणसाला पहिल्यांदा गाठते ती बहुधा दवाखान्यातली नर्स. रक्तदाब बघता बघता, वजन विचारावं तशा आवाजात ती विचारते: किती वेळा घेता? बसलात की साधारण किती होते? एका बैठकीत आठ युनिट किंवा त्याहून जास्त (बाईला विचारताना सहा) असं किती वेळा होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या चाचणीचा हा आरंभ. पुढचे प्रश्न जास्त बोचतात. एकदा सुरू केल्यावर थांबता येत नाही, असं होतं का? सकाळी उठून घोट लागतो का? आदल्या रात्रीचं आठवत नाही, असं झालंय का? घरच्या कुणी, डॉक्टरांनी 'कमी कर' म्हटलंय का?

एक युनिट म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, आणि इथला सरकारी सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या आत राहण्याचा. आपल्याकडची १८० मिलिलिटरची क्वार्टर ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे जवळजवळ पावणेआठ युनिट. आठवड्यात दोन क्वार्टर झाल्या की मर्यादा ओलांडली. नर्सचे प्रश्न आणि हे गणित मी फोनवर मावसभावाला सांगितलं. "दादा, मी काय बेवडा आहे का? शनिवार-रविवारच बसतो. असं म्हटलं तर आमचा अख्खा ग्रुपच पेशंट!" असं म्हणून त्याने ते हसण्यावारी नेलं. फोन ठेवता ठेवता मात्र म्हणाला, "ते सकाळच्या घोटाचं सोड, बाकीचे प्रश्न काय होते, परत सांग."

मला हवा आहे तो हाच फोन ठेवतानाचा क्षण. तो दारूबंदीने येत नाही आणि दारू मोकळी केल्यानेही येत नाही. 'परदेशात बघा, सुपरमार्केटात मिळते, काय बिघडलं?' म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये थेट दारूमुळे १०,४७३ माणसं गेली. स्कॉटलंडला तर २०१८ मध्ये दर युनिटमागे किमान किंमत ठरवावी लागली. काय बिघडायचं ते बिघडलेलंच आहे. फक्त विचारायची सोय आहे.

आपल्याकडेही कामं उभी राहिलेली आहेत. पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. पण तिथे जायचं म्हणजे सगळं संपलं, अशी घराघरांत समजूत. तोवर काय, तर शपथा, नवस, नाहीतर 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात बघून आणलेली पुडी आमटीत कालवायची. त्या पुडीत काय आहे कोण जाणे! दारू सोडवायला दिलं जाणारं डायसल्फिराम पोटात असताना माणूस प्यायला, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून ते रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

समुपदेशक म्हणजे कीर्तनकार नव्हे. तो बहुतेक वेळा पहिल्यांदा विचारतो, की पिऊन तुम्हाला मिळतं काय? झोप, धीर, चारचौघांत बोलायची हिंमत, जे असेल ते. मग कधी, कुणाबरोबर, किती, याची वही ठेवायला सांगतो. सोडायचीच की कमी करायची, हे माणसाशी बोलून ठरतं. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने झटक्यात बंद करू नये. हात थरथरतात, काहींना फिट येते, भ्रम होतो, जिवावरही बेतू शकतं. 'उद्यापासून थेंब नाही' या शपथेचं घरच्यांना कौतुक वाटतं, पण अशा माणसाला आधी डॉक्टर लागतो.

इथल्या आपल्या लोकांचंही फार निराळं नाही बरं का. नर्सला 'कधीतरी, सोशली' असं सांगून मोकळे होतात, कारण नोंद राहील, चारचौघांत कळेल. पिण्याची समस्या असेल तर ड्रायव्हिंग लायसन्सच्या खात्याला कळवावं लागतं, ही भीती तर खरीच आहे.

आपल्या कंपन्यांत दरवर्षी साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी होतो. त्याच कागदावर नर्सचे ते पहिले तीन प्रश्न घालायला ना कायदा लागतो ना मोर्चा. उत्तर साहेबांच्या टेबलावर जाणार नाही, एवढी हमी हवी. नाहीतर तिथेही सगळे 'कधीतरी, सोशली'च लिहितील. आणि ज्याला तेवढंही थांबायचं नाही त्याच्यासाठी सरकारची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची फुकट फोनसेवा आहे, १४४१६ वर. मावसभावाला मी नंबर पाठवला आहे. त्यावर त्याने अजून काही कळवलेलं नाही, मीही विचारलेलं नाही.