दहा ते सहा

दादाने पुण्याहून सोसायटीच्या ग्रुपवरचा एक मेसेज इथे जर्मनीत माझ्याकडे ढकलला. नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झालाय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या अँजिओप्लास्टीला अजून महिना झालेला नाही. त्यांनी ‘खिडक्या लावूनही छातीत वाजतं’ असं लिहिलं. त्यावर कोणीतरी सुविचार चिकटवला. आवाजाचा त्रास होतोय? आभार माना, कान शाबूत आहेत. पोरं दंगा करतात? आभार माना, घर भरलेलं आहे. खाली हात जोडलेल्यांची रांग. आणि दादाची स्वतःची भर: ‘तुमच्याकडे काय, स्मशानशांतता!’

तेव्हापासून डोकं फिरलंय. कृतज्ञ व्हायचं तर ज्याचं त्याने व्हावं. ज्याच्या कमरेला ढोल आहे त्याने काकांना आभार मानायला सांगू नये.

मी दादाला नियमच पाठवले. आपलेच, २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आणि रात्र म्हणजे १० ते ६. सणासुदीला राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षातले फार तर १५ दिवस. इथे जर्मनीतही रात्र १० ते ६ चीच. घड्याळ तेच आहे, दादा. फक्त इथे नियमाची आठवण करून द्यायला कोणाला हार्ट पेशंट असावं लागत नाही.

रविवार तर इथे थेट संविधानात बसवलाय. १९१९ च्या वायमार संविधानातलं कलम १३९, १९४९ मध्ये नव्या संविधानात तसंच घेतलेलं: रविवार हा कामापासून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस. मनाचं माहीत नाही, पण मी रविवारी भिंतीत खिळा मारत नाही आणि रिकाम्या बाटल्या टाकायच्या कंटेनरकडे फिरकत नाही. (रविवारी सकाळी चर्चच्या घंटा किती वेळ वाजतात आणि सिल्व्हेस्टरच्या, म्हणजे ३१ डिसेंबरच्या, रात्री आमच्या गल्लीत काय चालतं, ते दादाला कळवलेलं नाही.)

त्याचं उत्तर आलं: ‘बरं. पण तुझं दार कोण वाजवतं?’

हे विचारायला नको होतं त्याने. स्टुटगार्टमध्ये मला अकरा वर्षं झाली. पार्सलवाले सोडले तर दार वाजवलंय ते खालच्या मजल्यावरच्या बाईंनी, दोनदा. पहिल्यांदा, केअरवोखेची, म्हणजे जिना झाडायच्या पाळीची, पाटी माझ्या दारावर असताना जिन्याचा कोपरा राहिला म्हणून. दुसऱ्यांदा, मी रात्री अकराला टाचा आपटत चालते म्हणून. माझ्या टाचा! घरात मी अनवाणी असते. मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत दुसऱ्या दिवशी फेल्टच्या चपला आणल्या.

पण त्या रात्री अंथरुणात पडल्यावर बरं वाटत होतं, का ते आधी कळेना. मी घरी आले, ओट्यापाशी गेले, मग झोपायच्या खोलीत गेले, हे या शहरात कोणालातरी ऐकू जातं. याला कृतज्ञता म्हणायचं असेल तर म्हणा. दादाला सांगणार नाही, तो ग्रुपवर टाकेल.

गेल्या हिवाळ्यात आईच्या आजारपणात पाच आठवडे पुण्याला होते. पहिल्याच रात्री हॉर्नच्या आवाजाने उठून खिडकी लावली, तर दादा अंधारात हसला. सकाळी सहाला वहिनीचा मिक्सर. आठवड्याने मी त्या मिक्सरमध्येही झोपायला लागले आणि परतायची तारीख आली.

इथे पोचले तेव्हा जिन्यातच खालच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, ‘पाच आठवडे वर अगदी शांत होतं.’

चेहऱ्यावरून काही कळेना. तक्रार होती की नव्हती, अजूनही ठरवता आलेलं नाही. मी नुसतं ‘डांके’, म्हणजे आभार, म्हटलं आणि बॅग ओढत वर गेले. त्या रात्री फेल्टच्या चपला घातल्या नाहीत.