ईएसआर २० च्या वर म्हणजे कॅन्सर नव्हे

आपल्या दांडिया बाजारच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: साठीनंतर ईएसआर (रक्ततपासणीतला एक आकडा) २० च्या वर गेला की आत कॅन्सर दडलाय समजा. हे खरं नाही. वयाबरोबर रक्तातलं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं, त्यामुळे उभ्या नळीत तांबड्या पेशी लवकर खाली बसतात; तासाभरात किती मिलिमीटर उतरल्या, तोच हा आकडा. रक्त कमी असलं तरी तो चढतो. कितीपर्यंत चालतो, याचा १९८३ साली प्रसिद्ध झालेला ठोकताळा सोपा आहे: पुरुषांना वयाच्या निम्मे, बायकांना वयात १० मिळवून निम्मे. म्हणजे सत्तरीच्या काकूंना ४० पर्यंत चालतो. त्यांच्या लॅबच्या कागदावर ३४ ठळक छापलेलं पाहून हबकायचं कारण नाही. ईएसआर शंभरीपार असेल, किंवा ताप येतोय, वजन घटतंय, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. पाठवला असेल तिथे हे टाका.