दाबा, धरा, सोडा

कालपासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझे पाय फिरताहेत. फक्त पाय. गुडघ्यापासून खालचे, गाडीखालून बाहेर आलेले. फोटोखाली मजकूर : ‘पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे. सदर सभासदाने नोंद घ्यावी.’ नाव कुठेही नाही. पण स्लिपरवरून सगळ्या सोसायटीने मला ओळखलं आणि एका ताईंनी तर ‘दादा बरे आहेत ना?’ असंही विचारलं. मी बरा होतो. घरंगळलेला बोल्ट शोधत होतो.

झालं होतं इतकंच, की पुढचे ब्रेक कुंईऽऽ करायला लागले होते. ते तसे ओरडावेत अशीच सोय असते. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरतं ते पॅड, आणि त्याला पत्र्याची एक जीभ असते. पॅड घासून दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला टेकते आणि गाडी किंचाळते. गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मीही साधारण तसाच आवाज काढला. पॅड वेगळे, मजुरी वेगळी, आणि खाली पुन्हा ‘ब्रेक क्लीनिंग ॲण्ड ग्रीसिंग’. ही ओळ माझ्या प्रत्येक सर्व्हिसिंगच्या बिलात असते. म्हटलं, एकदा स्वतः उघडून बघू या.

नाना पेठेत पॅड घ्यायला गेलो. दुकानदाराने डबा काउंटरवर ठेवला आणि विचारलं, “मिस्त्री कुठंय?” म्हटलं, “मीच बसवणार.” त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि डबा हळूच आपल्याकडे ओढून घेतला. “मिस्त्रीशी फोनवर बोलणं करून द्या,” म्हणाला. पैसे मी देणार, गाडी माझी, आणि शिफारस मिस्त्रीची हवी!

रविवारी सकाळी कामाला लागलो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे असतात, नाहीतर चाक गरागरा फिरतं. पण मागच्या वेळी पंक्चरवाल्याने हवेच्या बंदुकीने ते असे आवळले होते की मला पान्यावर उभं राहून नाचावं लागलं. रस्त्यात रात्री स्टेपनी बदलायची वेळ आली असती तर? हा विचार त्या बंदुकीला शिवत नाही.

पुढे जॅक, स्टँड, चाक खाली. चौदाच्या पान्याने कॅलिपरचे, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या चिमट्याचे, बोल्ट काढले आणि ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या बाहेर ओढल्या. एक आली. दुसरी गंजून जाम. ग्रीसचा मागमूस नाही. वर्षानुवर्षं मी जिच्या ग्रीसिंगचे पैसे भरले, ती पिन कारखान्यातून निघाल्यापासून कुणी पाहिलीही नव्हती. ती पिन मी जपून ठेवली आहे. एक दिवस सर्व्हिस ॲडव्हायझरच्या टेबलावर ठेवणार आहे. तो ‘सर, नेक्स्ट टाइम नोट करतो’ म्हणेल, हेही मला माहीत आहे.

ती पिन ठोकत असतानाच वरून आवाज आला, “उलटं फिरवतोयस.”

दुसऱ्या मजल्यावरचे काका. अंगात स्वेटर, हातात दुधाची पिशवी. मी काही फिरवतच नव्हतो, ठोकत होतो. पण काकांचं ते वाक्य कुठल्याही कामाला चालतं. पुढचं वाक्य होतं, “आमच्या फियाटला हे असलं काही नव्हतं. चारही चाकांना ड्रम. दणदणीत.” मग त्यांनी फियाट घेऊन महाबळेश्वरला जायला सुरुवात केली. पसरणीचा घाट चढेपर्यंत दुधाच्या पिशवीला घाम फुटला होता.

“तुम्ही कधी ब्रेक उघडलेत का, काका?”

“मी कशाला? ड्रायव्हर होता.”

मग म्हणाले, “तुला दिसत नसेल, बॅटरी धरतो.” आणि मोबाइलचा झोत पाडला. गंमत अशी, की काकांचा झोत काका बोलतील तिकडे जायचा. फियाटचा विषय निघाला की झोत भिंतीवर, पाचगणी आली की छतावर. माझा कॅलिपर अंधारात.

इथे मला बर्था बेंझची फार आठवण झाली. १८८८च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली मोटारगाडी मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी घेऊन गेली. शंभरेक किलोमीटर. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनरचा जन्म तो असं सांगतात. बाई कर्तबगार होतीच. पण त्या चांभाराच्या दारात ‘उलटं ठोकतोयस’ म्हणणारं कुणी उभं नव्हतं, हेही इतिहासाने नोंदवायला हवं.

पिन निघाली. पॅडला ढकलणारा पिस्टन क्लॅम्पने मागे दाबला, नवे पॅड बसले. इथेच थांबता आलं असतं. पण पेडलचा जोर चाकापर्यंत नेणारं ब्रेक ऑइलही जुनं झालं होतं. ते हवेतला ओलावा पितं. डॉट ४ प्रतीचं नवं तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा प्यायलं की तो आकडा १५५पर्यंत उतरू शकतो. म्हणजे ताम्हिणी उतरताना ब्रेक तापले की तेलात वाफ, आणि पेडल थेट तळाला. ते बदलायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबणार, दुसरा चाकापाशी निपल, म्हणजे तेल बाहेर सोडायची छोटी तोटी, उघडणार. बायकोने ‘मी त्यात नाही’ असं आदल्या रात्रीच जाहीर केलेलं. उरले काका.

“मी ‘दाबा’ म्हटलं की दाबायचं. ‘धरा’ म्हटलं की तसंच धरून ठेवायचं. ‘सोडा’ म्हणेपर्यंत सोडायचं नाही. मध्येच सोडलंत तर हवा आत जाते.”

“अरे, पाटबंधारे खात्यात होतो मी. धरण धरून ठेवलंय.”

“दाबा.”

“दाबला.”

“धरा.” मी निपल पाव फेरा उघडला. टपरीवरच्या उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं तेल नळीतून उतरायला लागलं.

“आलं का रे?” हा प्रश्न गाडीतून आला नाही. थेट माझ्या डोक्यावर आला. काका माझ्या मागे उभे.

“काका, पेडल!”

“दाबलं ना मघाशी.”

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी त्यांना सीट बेल्ट लावला. दाबा, दाबला, धरा, निपल उघडला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि स्पीकरवर काकूंचा आवाज पार्किंगभर घुमला, “अहो, दूध कुठंय? सोडा ते आता आणि वर या!”

काकांनी सोडलं. एरवी काकूंचं एक न ऐकणाऱ्या माणसाने.

आम्ही ते काम संपवलं कसं, ते सांगत नाही. मध्ये त्यांनी तेलाच्या बाटलीचं ओलं झाकण माझ्या बॉनेटवर ठेवलं. ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून मी ओरडत पाणी आणायला धावलो, एवढंच सांगतो.

संध्याकाळी दंड आला. पाचशे रुपये, फरशीवर काळा डाग पाडल्याबद्दल. नवं ब्रेक ऑइल फिकट पिवळं असतं, जुनं मी बाटलीत धरलं होतं. तो काळा डाग इंजिन ऑइलचा आहे, आणि तो कमिटीतल्याच एकांच्या गाडीखाली पावसाळ्याआधीपासून वाढतोय. तसं मी ग्रुपवर सभ्य भाषेत लिहिलं. उत्तरादाखल जोडलेले हात आले. चौथ्या मजल्यावर दोन महिने फरशी कापतायत, लिफ्टमध्ये सिमेंटचा थर आहे, पण त्यांना नोटीस नाही, कारण तिथे कॉन्ट्रॅक्टर आहे. माणूस लावला की ते काम. स्वतः हात लावला की उपद्रव. पाचशे रुपये मी भरणार नाही. (बायकोने भरलेत, असं आत्ताच कळलं.)

आज सकाळी नव्या पॅडची डिस्कशी घडी बसवायला निघालो. गाडी पन्नासला न्यायची, न थांबवता वीसपर्यंत आणायची, ब्रेक थंड होऊ द्यायचे, पुन्हा तेच. काका खाली आधीच तयार, आंघोळ करून. “काम आपण केलंय, ट्रायल आपणच घ्यायची.” पाषाण रस्त्यावर मी वेग घेत होतो, कमी करत होतो, घेत होतो, कमी करत होतो. काका डाव्या सीटवर पाय रोवून ‘दाब... धर... सोड’ असं मोठमोठ्याने म्हणत होते. मागचा रिक्षावाला वैतागून शेजारी आला, आत डोकावला, आधी माझ्याकडे आणि मग काकांकडे पाहिलं.

“शिकवताय का, आजोबा?”

“हो ना,” काका म्हणाले, “नवीन आहे. जरा सांभाळून घ्या.”