झाडे तोडून मोकळी झालेली जागा कोणाकडे राहते?

परवानगी न घेता झाडे तोडल्याचे उघडकीस आले की पुढचे सगळे जवळजवळ ठरलेल्या वाटेने जाते. विकासक दिलगिरी व्यक्त करतो, ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि एका झाडाच्या बदल्यात पाच किंवा दहा झाडे लावण्याचे आश्वासन देतो. आकडा मोठा असल्यामुळे ऐकणाऱ्यालाही प्रकरण मिटल्यासारखे वाटते. माझा आक्षेप या आकड्यावर समाधान मानण्यालाच आहे. व्यापारी संकुलाच्या भूखंडावरची झाडे बेकायदा तोडली जातात तेव्हा विकासकाला लाकडाची गरज नसते, त्याला जागा हवी असते. वाहनतळाच्या आणखी दोन रांगा, रस्त्यावरून विनाअडथळा दिसणारा दर्शनी भाग, जड यंत्रांना वळायला मोकळे अंगण असे बरेच काही त्या जागेतून मिळते. ती जागा त्याच्याकडेच राहू दिली, तर त्याने दुसरीकडे कितीही रोपे लावली तरी नियम मोडल्याचा फायदा त्याच्या पदरात कायम राहतो. रीतसर अर्ज केला असता तर कदाचित नकार मिळाला असता, निदान आराखडा तरी बदलावा लागला असता. अर्ज न करता तोडणाऱ्याला मात्र हवा तोच आराखडा मिळतो आणि वर रोपांचा किरकोळ खर्च येतो.

म्हणून बदली झाडे त्याच भूखंडावर, शक्य असेल तिथे मूळ झाडाच्याच जागी लावली गेली पाहिजेत आणि त्यासाठी इमारतीचा किंवा वाहनतळाचा आराखडा बदलावा लागत असेल तर तो बदलला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे काही जगावेगळे मागणे नाही. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या १९९० च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम २०६ नुसार संरक्षित झाड नियम मोडून तोडले, तर जमीनमालकाने शक्य तितक्या लवकर त्याच ठिकाणी योग्य आकाराचे आणि योग्य जातीचे झाड लावायचे असते. मूळ झाडाला असलेले संरक्षण नव्या झाडालाही लागू होते. जबाबदारी जमिनीच्या मालकावर असल्यामुळे भूखंड विकून टाकला म्हणून ती संपत नाही, नव्या मालकाकडे जाते. ही तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण बांधकाम व्यवसायात प्रकल्प पूर्ण होताच मूळ विकासक बाजूला होतो आणि पाणी कोणी घालायचे, हे विचारायला समोर कोणीच उरत नाही.

आता संख्येकडे येतो. साठ सेंटिमीटर व्यासाच्या बुंध्याचे झाड गेले आणि त्याच्या बदल्यात पाच सेंटिमीटर व्यासाचे रोप लावले, तर व्यासातला फरक बारा पट दिसतो, परंतु खोडाच्या छेदाचे क्षेत्रफळ १४४ पटींनी कमी झालेले असते. म्हणजे केवळ खोडाच्या मापाने बरोबरी करायची झाली तरी अशी १४४ रोपे लागतील, आणि तेवढे करूनही मोठ्या झाडाची सावली, त्याच्या ढोलीत राहणारे पक्षी, पावसाचे पाणी अडवणारा त्याचा विस्तार यांपैकी काहीच लगेच परत येणार नाही. त्यामुळे भरपाई झाडांच्या संख्येवर ठरवण्याऐवजी बुंध्याच्या घेरावर किंवा झाडाच्या वयावर ठरवणे अधिक न्याय्य आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये झाडांविषयीच्या १९७५ च्या कायद्यात दुरुस्ती करून तोडलेल्या झाडाच्या अंदाजित वयाइतकी झाडे लावण्याचे तत्त्व स्वीकारले आणि ती सात वर्षे जगवण्याची अटही घातली. मला यातली दुसरी अट अधिक महत्त्वाची वाटते, कारण रोप लावणे हे एका सकाळचे काम असते आणि झाड जगवणे हे कित्येक वर्षांचे.

भरपाई म्हणून लावलेली रोपे जवळून पाहिली की काय घडते ते कळते. मुळांच्या गड्ड्याभोवतीची प्लास्टिकची पिशवी पूर्ण न काढता रोप तसेच खड्ड्यात ठेवलेले असते. आधाराच्या काठीला बांधलेली नायलॉनची दोरी कोणी सैल केलेली नसते आणि खोड जाड होत जाते तशी ती सालीत रुतत जाते. खड्ड्यात मातीऐवजी विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि वाळू भरलेली असते. आजूबाजूची जमीन यंत्रांच्या वजनाने इतकी दाबली गेलेली असते की पाणी मुरत नाही, ते खड्ड्यातच साचते आणि मुळे कुजतात. अशा जागी वर्षभरात रोप मेले, तर ‘निसर्गाची इच्छा’ म्हणून हात झटकणे योग्य नाही. त्या रोपाचे मरण ते लावतानाच ठरलेले होते.

मातीचा प्रश्न तर आराखड्याच्या मुळाशी जातो. बहुतेक झाडांची अन्नपाणी शोषणारी मुळे जमिनीच्या वरच्या साधारण ६० सेंटिमीटर थरात असतात आणि फांद्यांच्या विस्ताराच्याही पलीकडे पसरतात. मोठे होणाऱ्या झाडाला वीस-तीस घनमीटर सैल माती लागते. संपूर्ण भूखंडाखाली तळघरातला वाहनतळ खोदला आणि त्याच्या छतावर हातभर माती टाकून तिथे ‘हिरवा पट्टा’ दाखवला, तर त्यात झुडपे आणि शोभेचे ताड उभे राहतील, पण गेलेल्या झाडाच्या तोडीचे झाड तिथे कधीही वाढणार नाही. म्हणून बदली झाडांचा प्रस्ताव तपासणाऱ्याने रोपांच्या यादीच्या आधी जमिनीचा उभा छेद मागवावा आणि प्रत्येक झाडाखाली किती खोल व किती रुंद माती आहे ते पाहावे.

दंडाचा मुद्दा मी मुद्दाम नंतर घेत आहे, कारण दंड आणि बदली झाडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक भरली म्हणून दुसरी माफ होता कामा नये. मथुरा-वृंदावन परिसरात, ताजमहालाभोवतीच्या संरक्षित टापूत, एका खासगी जमिनीवरची आणि तिला लागून असलेल्या रस्त्याकडेच्या पट्ट्यातली मिळून ४५४ झाडे न्यायालयाची परवानगी न घेता तोडली गेली होती. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक झाडामागे एक लाख रुपयांचा दंड कायम ठेवला आणि इतके हिरवे आच्छादन पुन्हा उभे राहायला किमान शंभर वर्षे लागतील असे म्हटले. दंड कमी करण्याची विनंती मान्य झाली नाही, मात्र जवळच्या दुसऱ्या जागेवर वृक्षारोपण करण्याची मुभा मिळाली. या निकालाबद्दल मला आदर आहे आणि तरीही ती मुभा मला खटकते. ज्या जमिनीने झाडे गमावली, तिच्यावरच ती परत यायला हवीत.

हे सगळे पाळले जाण्यासाठी दाब योग्य वेळी असावा लागतो. इमारत पूर्ण होऊन दुकाने सुरू झाली की विकासकावरचा प्रशासनाचा जोर जवळजवळ संपतो. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरात आणण्याची परवानगी, देण्याआधी झाडे प्रत्यक्ष लागलेली असावीत आणि पुढच्या देखभालीसाठी मोठी अनामत रक्कम किंवा बँक हमी अडकवून ठेवलेली असावी. ती दरवर्षीच्या पाहणीनंतर जगलेल्या झाडांच्या प्रमाणात टप्प्याटप्प्याने सोडावी. रोप मेले तर त्याच्या जागी लावलेल्या नव्या रोपाची मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावी.

तोडीचा पुरावा हा वेगळाच झगडा असतो. बुंधा उपटून खड्डा बुजवला की तिथे झाड होते हेच नाकारले जाते. जुनी उपग्रहचित्रे झाडाच्या विस्ताराचा चांगला पुरावा देतात. बुंधा शिल्लक असेल तर मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र पुढे फार उपयोगी पडते. उष्ण प्रदेशातल्या अनेक झाडांमध्ये वर्षाची वलये स्पष्ट नसतात, त्यामुळे त्यांच्यावरून वय सांगण्याच्या भरीस न पडता घेर नोंदवणे अधिक सुरक्षित. आकाराबद्दल खरोखरच शंका उरली, तर तिचा फायदा तोडणाऱ्याला मिळू नये, कारण पुरावा त्यानेच नष्ट केलेला असतो.

काही वेळा चूक खरोखर चूकच असते, हेही मान्य करायला हवे. यंत्र चालवणाऱ्याला कोणते झाड राखायचे आहे हे कोणी सांगितलेलेच नसते. परंतु ही सबब बंद करण्याचा उपाय साधा आहे. ब्रिटनच्या बीएस ५८३७ या मानकात झाडाच्या मुळांचे संरक्षण करण्यासाठी खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे क्षेत्र राखायला सांगितले आहे, म्हणजे साठ सेंटिमीटरच्या खोडाभोवती ७.२ मीटर. पहिले यंत्र आत येण्याआधी एवढ्या अंतरावर पक्के कुंपण उभे असावे, त्यावर झाडाचा क्रमांक लिहिलेला असावा आणि त्याचे छायाचित्र दाखवल्याशिवाय काम सुरू करण्याचा दाखला मिळू नये. कुंपण असतानाही झाड पडले, तर ठेकेदाराचा गैरसमज झाला असे म्हणायला जागा राहणार नाही.