परत यायला शाळा हवी: ‘एक पालक’ यांना उत्तर

भाऊ, नमस्कार.

‘कमी पटाच्या शाळा बंद करू नका’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा त्यातले दोन मुद्दे बोचले. तिसऱ्यांदा वाचताना वाटलं की ‘मतभेदाचा आदर आहे’ एवढं लिहून हा विषय मिटवणं बरोबर नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. तुमचं म्हणणं असं की सरकारी शाळा गरीब पालकांनी आपणहून सोडल्या, त्यांना अडवणारी मी कोण? सरकार एका मुलामागे जेवढा पैसा घालतं त्याहून कितीतरी कमी पैशात खासगी शाळा शिकवते. मग तो पैसा व्हाउचर म्हणून पालकाच्याच हाती द्यावा, त्याला आवडेल त्या शाळेत तो मूल घालेल आणि वाईट शाळा आपोआप बंद पडतील. मनपाचे शिक्षक पगार घेतात, शिकवत नाहीत. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘ताई, तुमचा मुलगा कुठल्या शाळेत आहे ते आधी सांगा.’ आणि एका ठिकाणी मला नेमकं पकडलंत: खासगी शाळेतल्या गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांसाठी मी इतकं भांडते, मग व्हाउचरला विरोध का?

मुलाचं आधी सांगून टाकते. तो खासगी शाळेत आहे, सीबीएसईच्या. मनपाची मराठी शाळा आमच्या घरापासून चालत आठ मिनिटांवर आहे. तिथे घालायची हिंमत आम्हा नवराबायकोला झाली नाही. आपलं मूल तिथे एकटं पडेल, पुढे इंग्रजीत मागे राहील, अशी भीती वाटली. ती भीती कितपत खरी होती ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पण तिची किंमत त्या शाळेनं मोजली एवढं मला कळतं, कारण आमच्यासारखी घरं तिथून उठली की मुख्याध्यापकांना जाब विचारणारं कोणी उरत नाही. हे लिहायचा मला नैतिक अधिकार नाही असं तुम्ही म्हणालात तर मी ऐकून घेईन. मात्र माझ्या मुलाची शाळा पाहून व्हाउचर चांगलं की वाईट हे ठरत नाही.

आता २५ टक्क्यांचं. शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात चौथा हिस्सा जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या, हे त्यात आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं, फक्त विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळलं. आपल्या राज्य सरकारनं ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. नागपूरसारख्या शहरात एक किलोमीटरमध्ये अशी एखादी शाळा सापडतेच, म्हणजे जवळपास सगळ्यांना सूट. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो नियम रद्दच केला. त्या वर्षी विदर्भातल्या शाळा १ जुलैला उघडल्या होत्या. सोडतीत नाव लागलं की नाही हे न कळता आयाबाया पावसात चकरा मारत होत्या. तो निकाल आल्यावर मी आनंदानं लिहिलं होतं आणि त्यातला शब्दही मागे घेत नाही.

पण त्या २५ टक्क्यांच्या मागे काय काय आहे ते बघा. तिथे मूल कोणतं येणार हे शाळा ठरवत नाही, सोडत ठरवते. मुलाची परीक्षा नाही, आईबापाची मुलाखत नाही, देणगी नाही. हे सगळं त्याच कायद्यात मना केलेलं आहे. आणि याच कायद्यानं वस्तीजवळ शाळा देण्याची जबाबदारीही सरकारवर टाकली आहे. एक दार उघडताना दुसरं बंद करायला कायदा सांगत नाही. तुम्ही मांडलेल्या व्हाउचरमध्ये ‘वाईट शाळा आपोआप बंद पडतील’ हे कलम आधीच बसलेलं आहे. माझा झगडा त्या वाक्याशी आहे.

तो का, ते एका मुलीवरून सांगते.

आमच्या गल्लीत पोळ्या करायला येणारी एक बाई नागपूरच्या हसनबागेत राहते. २०२२ मध्ये तिच्या लेकीचा आरटीईचा अर्ज आम्ही आमच्या ओट्यावर बसून भरला. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, वीजबिल, जन्मदाखला, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून आणलं होतं. अर्जात नकाशा येतो आणि त्यावर लाल बलून आपल्या घरावर नेऊन ठेवायचा असतो. घरापासून शाळा एक किलोमीटरच्या आत की बाहेर हे त्या बलूनवरून ठरतं, आणि आतल्यांचा नंबर आधी लागतो. वरून दिसणारी टिनाची छपरं सगळी सारखी. मला काही ओळखू येईना. तिनं मोबाइल हातात घेतला, डोळ्यांशी नेला आणि म्हणाली, ‘ताई, हे निळी ताडपत्री दिसून राहिली नं, तेच माह्यं घर.’ बलून त्या निळ्या ठिपक्यावर ठेवला.

नंबर लागला. तिनं गल्लीत साखर वाटली. मग शाळेच्या ऑफिसात कळलं की फक्त फी माफ आहे. पुस्तकं, दोन गणवेश, बूट आणि गॅदरिंगचे मिळून चौदा हजार, आणि तेही आठवडाभरात. बचत गटातून उचलून तिनं भरले. अभ्यास शाळेच्या अॅपवर इंग्रजीत यायचा, तो वाचायला ती रात्री नऊ वाजता माझ्याकडे यायची. वर्गात काही कागद मागायचे असले की ‘आरटीईवाले उभे राहा’ असं म्हणायचे. पोरगी डबा तसाच परत आणायला लागली. पुढच्या दिवाळीनंतर आईनं तिचं नाव काढलं.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, ठीक आहे, शाळा वाईट निघाली, दुसरी निवडा. तिनं तेच ठरवलं होतं. तिच्या वस्तीजवळ एक अनुदानित मराठी प्राथमिक शाळा होती. मोठा मुलगा तिथेच शिकलेला, सर ओळखीचे. ती तिथे गेली तर फाटक तेच, कडुनिंब तोच, पाटी नवी. पट घसरत घसरत तुकडी टिकेना, शिक्षक अतिरिक्त ठरले, त्यांचं दुसरीकडे समायोजन झालं. संस्थेनं त्याच इमारतीत स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणारी, इंग्रजी शाळा काढली. फी वर्षाला अठरा हजार. २०१२ पासून तसा कायदाच आहे, बेकायदा काही घडलं नाही. तिथे ती बाई पाच मिनिटं फाटकाशी उभी राहिली आणि घरी आली.

हा पट घसरला कसा? तुम्ही म्हणता तसाच, पालकांनी एकेक करून मुलं काढली म्हणून. त्यातल्या प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा होता. माझाही तसाच होता. तिचाही. पण सगळ्यांच्या निर्णयांची बेरीज झाली ती अशी की परत यायला शाळाच राहिली नाही. किराण्याचं एक दुकान बंद पडलं तर आपण पलीकडच्या चौकातून सामान आणू. सहा वर्षांच्या पोरीला पलीकडच्या चौकात रोज कोण नेणार? आता तिचा भाऊ तिला सायकलवर जगनाडे चौकातल्या गर्दीतून दोन किलोमीटरवरच्या मनपाच्या शाळेत सोडतो आणि मग स्वतःच्या शाळेत उशिरा पोचतो.

व्हाउचर नवीन नाही. अमेरिकेचे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी ही कल्पना १९५५ साली मांडली. चिली देशानं १९८१ पासून ती देशभर राबवली: पैसा मुलामागे जाणार. पुढे तिथल्या अनुदान घेणाऱ्या खासगी शाळा मुलं पारखून घेऊ लागल्या आणि १९९० च्या दशकात वरून फी घ्यायचीही मुभा मिळाली. मग परिणाम व्हायचा तोच झाला. ज्यांना परवडेल ते एकीकडे, उरलेले नगरपालिकेच्या शाळेत. शाळेतली पोरं २००६ साली रस्त्यावर उतरली, २०११ साली विद्यार्थी पुन्हा उतरले, आणि २०१५ मध्ये कायदा करून ही पारख आणि वरची फी बंद करायचं ठरलं. कागदावर निवड पालकाची होती, प्रत्यक्षात शाळेची.

आता माझ्या अडचणीची गोष्टही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल सोयीचं तेवढं उचललं. आपल्या शेजारी, तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशात व्हाउचरचा मोठा प्रयोग झाला. गावागावांत सोडत काढून मुलांना खासगी शाळेत घातलं आणि चार वर्षं मोजलं. तेलुगू आणि गणितात सोडत लागलेली आणि न लागलेली मुलं सारखीच निघाली. हिंदीत खासगी शाळेतली मुलं बरीच पुढे होती. आणि खासगी शाळेचा मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. मागे राहिलेल्या मुलांचं नुकसान झाल्याचंही दिसलं नाही. तुमचा खर्चाचा मुद्दा त्या प्रयोगात खरा ठरला आहे, मी तो नाकारत नाही.

फक्त तो पैसा वाचतो कुठे ते विचारा. शिक्षकाच्या पगारात. माझी एक मैत्रीण बीएड आहे. नंदनवनकडच्या एका छोट्या इंग्रजी शाळेत ती महिना नऊ हजारांवर शिकवते, उन्हाळ्याच्या सुट्टीचे दोन महिने पगार नाही. घरी दोन शिकवण्या घेऊन ती भागवते. मूल त्याच दोन विषयांत तेवढंच शिकणार आणि शिकवणारी बाई अर्धपोटी राहणार, याला मी बचत म्हणायला तयार नाही. ‘विनाअनुदानित’ या शब्दापायी महाराष्ट्रात शिक्षकांची एक पिढी अशीच म्हातारी झाली आहे.

शिक्षक शिकवत नाहीत, या तुमच्या तक्रारीवर मी भांडणार नाही. जो पगार घेऊन वर्गात जात नाही त्याची बाजू मी घेत नाही आणि संघटनांनीही घेऊ नये. पण ती पोरगी आता ज्या वर्गात बसते तिथे एक बाई दोन वर्ग मिळून शिकवतात. एका भिंतीवर तिसरीचा फळा, समोरच्या भिंतीवर चौथीचा, मधे पाठीला पाठ लावून बसलेली मुलं. मी गेले त्या दिवशी ही मुलगी दुसऱ्या एका पोराला बोट धरून धडा वाचून दाखवत होती. पंधरा दिवसांनी गेले तर बाई मतदार यादीच्या कामाला, बीएलओ म्हणून. कायद्यानं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच शाळेबाहेरची कामं शिक्षकाला देता येतात, पण निवडणुकीचं काम काही मतदानाच्या दिवसापुरतं नसतं. शिवाय खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, आणि वरून १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची संख्या ठरवण्याचा, शासन निर्णय: सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत गेला की शिक्षक शून्य. त्याविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ ला शिक्षक सामूहिक रजेवर गेले, तेव्हा आपल्याकडच्या चर्चेत बहुतेकांनी ‘पुन्हा सुट्टी’ एवढंच म्हटलं होतं.

पैसा मुलामागे जाईल म्हणजे हिशेब चोख होईल, असंही तुम्ही लिहिलंय. भाऊ, ३ ते ५ ऑक्टोबर २०११ आठवतं? राज्यभर पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. सुमारे २० लाख नावं कागदावरच निघाली. मुलाच्या नावावर पैसा मिळतो म्हटलं की नावं कशी उगवतात ते आपण पाहिलेलं आहे. आणि २५ टक्क्यांचे मुलामागचे १७,६७० रुपये सरकार शाळांना वेळेवर देत नाही, ही खासगी संस्थाचालकांची तक्रार खरी आहे. हेच सरकार लाखो व्हाउचर वेळेवर वटवेल असं तुम्हाला मनापासून वाटतं का? थकलं तर शाळा पहिल्यांदा कोणाला फाटकाबाहेर उभं करेल?

शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगानं १९६६ सालीच सुचवलं होतं की त्या त्या परिसरातली सगळी मुलं एकाच शेजारशाळेत शिकावीत. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्याच महाराष्ट्राचे. ते झालं नाही, आणि माझ्यासारख्या घरांनी ते होऊ दिलं नाही. तरी सगळंच हातचं गेलेलं नाही. आपल्याच शहरात मनपानं आकांक्षा फाउंडेशन या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेला सोबत घेऊन इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या आणि पालक तिथे आले. इंग्रजी हवी, शिस्त हवी, शिक्षक रोज वर्गात हवा, एवढंच त्यांचं मागणं आहे, आणि ते सार्वजनिक शाळेतही पुरवता येतं.

तुम्ही सोडतीनं प्रवेश देणारं, वरून एक पैसा न घेणारं, कोणालाही न नाकारणारं व्हाउचर मांडलंत आणि वस्तीतली शाळा पट दहावर आला तरी चालू ठेवायची हमी त्यात घातलीत, तर मी त्यावर शांतपणे बोलेन. ती हमी नसेल तर माझा विरोध राहील.

तुम्ही त्रिमूर्तीनगरचे आहात असं लिहिलंय. अर्ज सुटले की दर शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ आम्ही इथे ओट्यावर फॉर्म भरून देतो. मागच्या वेळी रांग फाटकाबाहेर गेली होती आणि आम्ही तिघंच होतो. या. लॅपटॉप असेल तर घेऊन या, मोबाइलवर तो बलून नीट सरकत नाही.