जादू कुठे अडते, ते आधी ठरवा

आमच्या रोलप्लेमधली (एकेक पात्र घेऊन मिळून लिहितो त्या गोष्टीतली) जादूची शाळा पन्हाळ्यावर भरते. नव्या सत्राचा अभ्यासक्रम ठरवायला बसलो की दरवेळी तीच यादी येते: उडणं, अदृश्य होणं, आगीचे गोळे. माझा याला ठाम विरोध आहे. ज्या पात्राला सगळं येतं ते दुसऱ्याकडे कशाला जाईल? आणि कुणी कुणाकडे गेलंच नाही, तर आपण मिळून लिहायचं काय?

विद्या अडली पाहिजे. मी सुचवलेली किरणविद्या बघा. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं चरणांवरून चढत तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. दोनदाच का? डिसेंबरच्या 22 तारखेच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या आधी आणि नंतर साधारण सारख्याच अंतरावर तो पुन्हा त्याच जागी मावळतो. परीक्षेचं वेळापत्रक आयतं मिळालं की! ऐनवेळी ढग आले तर अख्खा वर्ग नापास, थेट जानेवारीअखेरीला फेरपरीक्षा. मधल्या अडीच महिन्यांत कोण कुणावर चिडेल, कोण गुपचूप सराव करेल, सगळं लिहायला मोकळं.

दुसरा विषय पायताणाचा. हिरडा आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात कातडं मुरायला वेळ लागतो, तिथे मंत्राने घाई चालणार नाही. एकाने कातडं कमवायचं, दुसऱ्याने वेणी घालायची, तिसऱ्याने मंत्र भरायचा. एकाचं जरी चुकलं तरी रात्री गडावरच्या अंधारबाव विहिरीच्या पायऱ्या उतरताना पायताण करकरणार आणि पात्र पकडलं जाणार. (दुसऱ्याच्या पात्राला त्याला न विचारता पकडायचं नाही, हा नियम आहेच.)

प्रवेशाबद्दल मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. 'जन्मजात जादूगार' आपल्या शाळेत नकोत. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्या मातीतल्या शाळेत रक्त बघून प्रवेश द्यायचा? जो येईल तो शिकेल.

पुराचा विषय अजून कुणी घेतलेला नाही. चिखली-आंबेवाडी या पूर येणाऱ्या गावांकडच्या कुणीतरी तो लिहावा, पाणी चढताना घर रिकामं करणं त्यांना माहीत आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. कुठल्या फुटाला कुठली विद्या बंद पडते, तेवढं रविवारपर्यंत कळवा.