सौर पॅनेल आपली ऊर्जा फेडतं का? हो, फेडतं

पर्यावरणपूरक वीजनिर्मितीवर उद्योगाची परिषद भरली की एक दावा हमखास फिरू लागतो: सौर पॅनेल बनवायला जितकी ऊर्जा लागते, तितकी ते आयुष्यभरात परत देत नाही. हे साफ चूक आहे. ऊर्जा लागते, भरपूर लागते. पॅनेलमध्ये उन्हापासून वीज बनवणारं सिलिकॉन वितळायलाच १४१४ अंश सेल्सिअस तापमान हवं. पण त्याची कापलेली चकती आता मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही पातळ असते, त्यामुळे सिलिकॉन थोडंच लागतं. आजचं पॅनेल ही ऊर्जा साधारण एक-दोन वर्षांत फेडतं, ऊन कमी असेल तिथे थोडं उशिरा, आणि चालतं पंचवीसेक वर्षं. सुरुवातीच्या जाड चकत्यांच्या पॅनेलबद्दल ही शंका रास्त होती. आज विचारायचंच तर जुन्या पॅनेलच्या पुनर्वापराबद्दल विचारा. तिथे खरंच बरंच काम बाकी आहे.